वितळवलेलं कडं

संत मायकेलच्या सणानंतर तिसरा दिवस, थॉर्नमेर

ताई,

चार वर्षांनी लिहितोय, म्हणून आधी ख्यालीखुशाली. मी बरा आहे, उजवा गुडघा सोडून. तो गुडघा आता माझ्यावर राज्य करतो. घोड्यावर कधी चढायचं आणि कधी नाही हे तोच ठरवतो. माझ्या ओस्लाकला विसावं लागलं. दरबारात तो माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो आणि लोक त्याचंच ऐकतात. त्याची आई गेल्या वर्षी तापानं गेली, ते तुझ्या मठापर्यंत समुद्र ओलांडून पोचलं की नाही, कोण जाणे.

एड्रिक मजेत आहे. खातोपितो, दाढी वाढवली आहे, घोड्यांत रमतो. तुझा मुलगा माझ्याकडे आहे तोवर तू काळजी करू नयेस. आईची आठवण काढतो.

अक्षर माझंच आहे, म्हणून वेडंवाकडं. लेखनिकाला सांगितलं असतं तर बिशप प्लेग्विनना ओळ न् ओळ कळली असती. लहानपणी चुलीच्या राखेत काडीनं तू अक्षरं गिरवून घेतलीस, तेवढ्याच विद्येवर मी राज्य करतोय.

बातमी अशी की डेन आले. पीक निघता निघता चौतीस नावा नदीतून वर आल्या आणि रीडफर्डच्या उतारापाशी त्यांनी तळ ठोकला. त्यांचा म्होरक्या केटिल. तुला आठवत असेल, तुझ्या नवऱ्याचा, रोआल्डचा पुतण्या. तू त्यांच्यात होतीस तेव्हा तो शेंबडा पोरगा होता. आता दोन माणसांएवढा आहे आणि बोलतो फार कमी.

लढाई झाली नाही. शहाणपणा केला. बोलणी लावली, चर्चच्या दारात संत टिल्वीनचा जपून ठेवलेला हात बाहेर काढला आणि केटिलनं त्या पवित्र हाडावर हात ठेवून शपथ घेतली, की सर्व संतांच्या दिवसाआधी, म्हणजे महिन्याभरात, आम्ही नदी सोडू. बिशपसाहेबांच्या डोळ्यांना धार लागली होती. एक काफर संतांपुढे वाकला म्हणून सगळा गाव खूश आहे. मीही खूश आहे. थकलोय, पण खूश आहे.

तुझ्या दंडातल्या त्या कड्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

आल्ड्रेड


डुकरं मारायचा महिना, संत मार्टिनच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी

ताई,

तुझं उत्तर आलं नाही. येणार कसं, पहिलं पत्र माझ्या पेटीतच पडलंय. व्यापाऱ्याची नाव दोनदा सुटली आणि दोन्ही वेळा मी म्हटलं, पुढच्या खेपेला देऊ. वाचून पाहिलं तर त्यात माझ्यापेक्षा आनंदी कुणीतरी लिहिलंय असं वाटलं.

डेनांनी शपथ मोडली. सर्व संतांच्या दिवशी, नेमकं चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना चालू असताना, ते हॉल्टनात शिरले. सगळा गाव एकाच छताखाली सापडला. सणाच्या दिवशी आम्ही कुठे असतो हे त्यांना आमच्याइतकंच ठाऊक आहे, आणि तरी दर सणाला आम्ही तिथेच जातो. एकेचाळीस माणसं नेली. चर्च जाळलं. मी पोचलो तेव्हा घंटा वितळून पायरीवर सांडली होती आणि एक म्हातारी तिच्याकडे बघत बसली होती. मला म्हणाली, "उशीर केलात, महाराज." राग नव्हता तिच्या बोलण्यात. शेजाऱ्याला म्हणावं तसं म्हणाली. मला राग परवडला असता.

गावोगावची फौज डेन आले तेव्हाच गोळा केली होती. तुला माहीतच आहे आपली फौज. चाळीस दिवस लढेल, एक्केचाळिसाव्या दिवशी घरी. परवा टोटा म्हणून एक शेतकरी आला, कुऱ्हाड धुऊनपुसून खांद्यावर घेतलेली.

"महाराज, दिवस भरले. डुकरं मारायची राहिलीत."

"टोटा, डेन तुझ्या डुकरांसाठी थांबतील का रे?"

"डेन पुढच्या वर्षीही येतील, महाराज. डुकराला हिवाळाभर काय चारू?"

मी त्याला जाऊ दिलं. त्याच्या मागोमाग साठ जण गेले.

तू सांगितलं होतंस. मठात जाण्याआधीच्या त्या शेवटच्या आठवड्यात, चर्चच्या आवारात, सगळ्यांसमोर तू बिशपना म्हणाली होतीस की या लोकांची शपथ त्यांच्या कड्यावर असते, तुमच्या हाडांवर नाही. ते म्हणाले, काफरांच्या कड्याला ख्रिस्ती राजानं हात लावणं पाप आहे. तू माझ्याकडे पाहिलंस. मी जमिनीकडे पाहिलं.

लिहिणार नाही म्हटलं होतं, आता लिहितोच. तू प्रार्थनेला गेली होतीस तेव्हा तुझ्या पेटीतून ते कडं मीच काढलं. संतांच्या हाताला सोन्याचा पत्रा चढवायचा होता आणि सोनं कमी पडत होतं. बिशप म्हणाले होते, एका विधवेच्या पेटीत काफराचा दागिना कशाला? मला पटलं असं नाही. पण मागून तू दिलं नसतंस, आणि तुझ्याशी भांडायची ताकद माझ्यात नव्हती. चोरायची होती.

एड्रिक सध्या इथे नाही. एका कामावर पाठवलाय.

आल्ड्रेड


नाताळच्या आधीचा दुसरा रविवार

ताई,

हे पत्र मी चौथ्यांदा लिहायला घेतलंय.

एड्रिक केटिलच्या तळावर आहे. संत मायकेलच्या सणापासून आहे. पहिलं पत्र लिहिलं तेव्हाही तिथेच होता. खातोपितो, घोड्यांत रमतो, हे सगळं मी रचलं. दाढी मात्र खरी.

झालं असं. शपथेच्या वेळी केटिलनं ओलीस मागितला, माझ्या रक्ताचा एक माणूस. सगळ्यांना कळलं तो कुणाला मागतोय. मी म्हटलं, ओस्लाकला ताप आहे. ओस्लाक माझ्या मागेच उभा होता, सफरचंद खात. मग मी म्हटलं, माझा भाचा देतो, त्याला तुमची भाषा येते. केटिलनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि मान हलवली. मला वाटलं, काम सोपं झालं.

एड्रिकला सांगायला तबेल्यात गेलो. तो म्हणाला, "मामा, मला विचारताय की सांगताय?"

"विचारतोय."

"मग जातो," म्हणाला. "तुम्ही सांगितलं असतंत तर भांडलो असतो."

तुझ्यावर गेलाय.

इतकंच असतं तर तुझ्यापुढे मान खाली घालून उभा राहिलो असतो. पण आणखी आहे. हॉल्टननंतर ओस्लाक आला आणि म्हणाला, "बाबा, लाकडं तोडायला त्यांची टोळी रोज एल्डर झाडांच्या बनात येते. बारा-पंधरा जण. हातात कुऱ्हाडी, पण अंगावर चिलखत नाही."

ओलीस त्यांच्या हातात असताना त्यांची माणसं मारली तर ओलिसाचं काय होतं, हे मला कुणी शिकवायला नको. ओस्लाकलाही नको. तो माझ्याकडे बघत राहिला. एकेचाळीस माणसं गेली होती, फौज घरी चालली होती, दरबार माझ्या तोंडाकडे बघत होता. मी मान हलवली. शब्दानं हो म्हणालो नाही. म्हणजे पुढे कधी म्हणता यावं, की मी हो म्हटलं नव्हतं. बघ, तेव्हासुद्धा मी हिशेब करत होतो.

अकरा मारले. त्यात केटिलचा धाकटा भाऊ होता.

चार दिवसांनी केटिलचा निरोप आला. माझी माणसं तुझ्या भाच्याचं डोकं मागतात, नाताळनंतरच्या मेणबत्तीच्या सणापर्यंत मी त्यांना धरून ठेवीन, त्याआधी समोर येऊन बोल. निरोपाबरोबर एक लहानशी पिशवी होती. तिच्यात काय होतं ते मी लिहीत नाही. तो जिवंत आहे, एवढं खरं आहे.

मला लढायला माणसं नाहीत, ताई. झोप नाही. जेवण समोर येतं, थंड होतं, परत जातं. चाळीस गावांचा राजा आहे आणि एक पत्र पाठवायची हिंमत नाही. हेही पेटीत जाईल.

आल्ड्रेड


तीन राजांच्या सणानंतरचा गुरुवार

ताई,

आज केटिलला भेटलो. रीडफर्डच्या खाली नदीत वाळूचं एक बेट आहे. तिथे आपण खेकडे धरायला जायचो. माझ्याबरोबर दोघं, त्याच्याबरोबर दोघं. त्याच्या दोघांतला एक एड्रिक.

बारीक झालाय. डावा हात पांघरुणाखाली होता. मी पुढे झालो तसा म्हणाला, "मामा, गुडघा कसा आहे?"

केटिलला आपली भाषा पुरती येत नाही आणि मला त्याची मुळीच येत नाही. म्हणजे दुभाष्या एड्रिकच. स्वतःच्या डोक्याची बोलणी तो दोन्ही बाजूंना पोचवत होता, आणि एकही शब्द गाळत नव्हता.

मी आधी शपथेवर आलो. तू संतांच्या हाडावर हात ठेवला होतास, म्हटलं, आणि महिन्याभरात हॉल्टन जाळलंस.

केटिल पालथ्या नावेवर बसून वाळलेला मासा खात होता. अर्धा मोडून त्यानं मला दिला. मग विचारलं, "ते हाड कुणाचं होतं?"

"संत टिल्वीनचं. या नदीवर पहिली नाव त्यांनी घातली. दोनशे वर्षं झाली."

"मी त्याला ओळखत नाही, तो मला ओळखत नाही. मी शपथ मोडली तर तो माझं काय करणार?"

"मग घेतलीस कशाला?"

"तुझा तो म्हातारा रडत होता. मला वाटलं, तुमच्यात पाहुण्याला असंच करायला लावतात."

माझ्याबरोबरचा एक जण हसला आणि लगेच खोकला. केटिल हसला नाही. त्यानं काटा थुंकला आणि म्हणाला, "लेओफरून काकूच्या दंडातलं कडं कुठंय?"

एड्रिकनं ते मला सांगितलं आणि उत्तराची वाट बघत उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याला आपण सगळ्यांनी काय सांगितलं होतं, आठवतंय? आपण नाही. मी. तू गेल्यावर मी गावभर सांगितलं, की ताईनं जाताना आपलं कडं संतांना दान केलं. म्हणून तर तो माझ्याजवळ राहिला. त्याला वाटायचं, आई चांगल्या मनानं गेली.

मी म्हटलं, "हाडावर जो सोन्याचा पत्रा आहे, त्यात."

एड्रिक वळला नाही. मला म्हणाला, "मामा, ते आईनं दान दिलं होतं ना?"

केटिल खायचा थांबला होता.

"नाही," मी म्हटलं. "मी तिच्या पेटीतून काढून घेतलं आणि वितळवलं."

एड्रिक केटिलकडे वळला आणि सगळं त्याच्या भाषेत सांगितलं. आवाज चढला नाही, उतरला नाही. मला एकच शब्द कळला, 'आई'. त्यांच्याकडेही तो आपल्यासारखाच आहे.

मग केटिल जे बोलला ते तुला ठाऊक असणार. मला तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही, किंवा तू सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. तो म्हणाला, "तुझ्या बापाला हरवल्यावर काकानं त्या कड्यावर हात ठेवून शब्द दिला. हे कडं या बाईजवळ आहे तोवर आमची एकही नाव या नदीत शिरणार नाही. काका मेला तरी शिरली नाही. काकू तुमच्याकडे परत आली तरी शिरली नाही. खरं की नाही?"

"खरं."

"गेल्या उन्हाळ्यात एका मीठ विकणाऱ्याकडून कळलं, की कडं राहिलं नाही. मी म्हटलं, खोटं असेल, स्वतःचा शब्द कुणी आगीत घालत नाही. म्हणून संत मायकेलच्या सणाला मी मुद्दाम आलो. तू मला कडं दाखवशील असं वाटलं होतं. तू हाड दाखवलंस." बोटं पुसून त्यानं विचारलं, "मग शपथ कुणी मोडली?"

ताई, मी एकोणीस वर्षं राजा आहे. लबाड माणसाला उत्तर कसं द्यायचं ते मला येतं. याला देता येईना.

"आणि ओलीस म्हणून कुणाला दिलंस?" तो म्हणाला. "माझ्याच काकाच्या मुलाला. आमच्यात मूल बापाचं. तू मला माझ्याच घरचा माणूस गहाण दिलास. मी समजलो, तू माझी थट्टा करतोयस."

हे एड्रिकनं सांगितलं तेव्हा मात्र त्याचा आवाज जरा हलला.

केटिलच्या अटी दोन. कडं पुन्हा घडवायचं, त्याच सोन्याचं, दुसरं चालणार नाही. आणि माझ्या बापाच्या वंशातला एक माणूस समुद्रकाठी रोआल्डच्या घरी राहायला द्यायचा, ते कडं घालून. कडं आणि माणूस तिथे आहेत तोवर नदीत नाव नाही. हॉल्टनची माणसं परत. एड्रिक परत. नाहीतर मेणबत्तीच्या सणाला केटिल आपल्या माणसांच्या आड येणार नाही.

निघताना मी एड्रिकला म्हटलं, "काही पाठवू का तुला? गरम काही?"

"आईला कळवलंत?" त्यानं विचारलं.

"लिहिलंय," मी म्हटलं. तेवढं खरं होतं.

आल्ड्रेड


मेणबत्तीच्या सणाआधी पाच दिवस

ताई,

परवा संतांचा हात मी स्वतः वेदीवरून उचलून आणला. बिशप प्लेग्विन दारात आडवे उभे राहिले. ते आता फार म्हातारे झालेत, हाताला धरून बाजूला केलं तर उचललेच जातात.

"अहो, संतांच्या अंगावरचं सोनं काढणार?"

"दोनशे वर्षं संत त्या सोन्यावाचून राहिले, बिशपसाहेब. सवय चार वर्षांपूर्वी लागली."

"तुम्हाला ख्रिस्तप्रसाद मिळणार नाही. मरताना सुद्धा नाही."

"तो एकेचाळीस जणांना मिळाला होता हॉल्टनात," मी म्हटलं. "तोंडात होता तेव्हाच दार फुटलं."

हे मी बोलायला नको होतं. ते खाली बसले आणि खरंच रडले. वाईट माणूस नाही गं तो. त्याला खरोखर वाटलं होतं, की केटिल संतांपुढे वाकला. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं. रडायचं काम तेवढं त्याच्या वाट्याला आलं.

सोनार डुडा पत्रा सोलत होता, मी भाता ओढत होतो. दुसरं कुणी हात लावायला तयार नव्हतं. तो म्हणाला, "महाराज, तेव्हाही मीच वितळवलं. तेव्हा विचारलं होतं तुम्हाला, ताईसाहेबांना माहीत आहे ना?"

"मी काय म्हटलं?"

"हो म्हणालात."

"मग?"

"मग काय. राजा हो म्हणतो तेव्हा सोनारानं भाता ओढायचा असतो. आज तुम्ही ओढताय, एवढाच फरक."

पत्रा ठोकताना, खिळे मारताना, घासताना बरंच सोनं गेलंय. जेवढं उरलं तेवढ्याचं कडं झालं. तुझ्या दंडावर बसायचं ते आता जेमतेम माझ्या मनगटावर बसतं. आणखी सोनं घालू का, असं डुडानं विचारलं. मी नको म्हटलं. केटिलनं त्याच सोन्याचं मागितलंय, आणि या वेळी जे मागितलंय तेच द्यायचं.

काल दरबार भरवला. सगळं सांगितलं, तुझ्या पेटीपासून ते केटिलच्या माशापर्यंत. मग विचारलं, "बाबांच्या वंशातले दोघंच उरलोय, मी आणि ओस्लाक. कोण जाणार?"

ओस्लाक, जो दरबारात माझ्यापेक्षा मोठ्यानं बोलतो, जमिनीकडे बघत होता. ती नजर माझ्या ओळखीची आहे. मी त्याला विचारलं नाही. त्यानंही 'बाबा, तुम्ही नका जाऊ' असं म्हटलं नाही. आम्ही दोघं मनातल्या मनात एकमेकांचे आभार मानत होतो. जमीनदारांना मी म्हटलं, आजपासून राजा तो. माझा झगा त्याच्या खांद्यावर टाकला. त्याला मोठा होतो.

आता जे लिहितोय ते तीस वर्षं माझ्या पोटात आहे. रोआल्डनं आधी मुलगी मागितलीच नव्हती. त्यानं मुलगा मागितला होता. मी पडद्याआड उभा होतो, सगळं ऐकलं. बाबा म्हणाले, तो एकुलता एक आहे, त्याच्याऐवजी मुलगी घे, बायको करून घे, म्हणजे नातं पक्कं होईल. तू अठरा वर्षांची होतीस. सकाळी मी तुझ्या घोड्याचा लगाम धरला. तू मला म्हणालीस, "आल्ड्या, रडतोस काय, मी जातेय ना." आणि मी आणखी रडलो, आणि सगळ्यांना वाटलं, किती जीव आहे भावाचा बहिणीवर.

जीव होता. पण त्या दिवशी मी सुटलो म्हणून रडत होतो.

मी फार मोठं काही करतोय असं समजू नकोस. मी थकलोय, ताई. एकोणीस वर्षं रोज सकाळी कुणीतरी येऊन विचारतं, महाराज, आता काय करायचं? समुद्रकाठच्या त्या घरात मला असं विचारणारं कुणी नसेल. केटिलची माणसं माझ्यावर थुंकतील, त्यांचे अकरा जण मी मारलेत. थुंकू देत. थुंकणारा निदान प्रश्न विचारत नाही. तेव्हा या जाण्यात अर्धी लाज आहे आणि अर्धी विश्रांतीची आशा. किती कुठली, ते तूच ठरव. माझा माझ्यावर भरवसा राहिला नाही.

आल्ड्रेड


मेणबत्तीचा सण, सकाळ, रीडफर्डचं बेट

ताई,

थोडक्यात लिहितो. नावा तयार आहेत आणि बोटं गारठलीत.

केटिलनं कडं हातात घेऊन वजन केलं, वास घेतला, आणि म्हणाला, "लहान झालं." मी म्हटलं, "हो." त्यानं ते माझ्या मनगटात घातलं, वर स्वतःचा हात ठेवला आणि त्यांच्या भाषेत काहीतरी बोलला. मीही हात ठेवला. कुणी रडलं नाही. हॉल्टनची माणसं फळीवरून चालत गेली, अडतीस. तिघं हिवाळ्यात वारली.

पेटीतली सगळी पत्रं याबरोबर पाठवतोय. पहिल्या दोन पत्रांतलं खोटं खोडणार होतो, मग राहू दिलं. तुला एवढं तरी कळावं, की भाऊ कसा लिहितो आणि कसा लपवतो.

जो माणूस ही पत्रं घेऊन आलाय, त्याला आधी जेवायला घाल. तीन आठवडे त्यानं समुद्रावर काढलेत आणि तो आपणहून काही मागायचा नाही. दाढीमुळे क्षणभर ओळखू येणार नाही. डाव्या हाताची दोन बोटं नाहीत. ती पिशवीत होती ती. त्याबद्दल त्याला विचारू नकोस, मला विचार. पत्रं देताना मी म्हटलं, "आईला सांग, मामानं पाठवलंय." तो नावेत चढला, मग परत खाली उतरला आणि माझ्या गुडघ्याला आपलं लोकरीचं फडकं बांधून गेला. गाठ एका हातानं आणि दातांनी मारली.

एकदा तरी उत्तर लिही. शिव्या लिहिल्यास तरी चालतील. पत्ता तुला सांगायला नको. समुद्राकडे तोंड केलेलं, मीठघरांच्या मागचं ते लांब घर. केटिल म्हणतो, काकूचा विणकामाचा माग अजून तिथे कोपऱ्यात उभा आहे, कुणी हलवला नाही. माझं अंथरूण त्याच्याशेजारी घालणार आहेत.

आल्ड्या